नऊ खिळे

वीस-पंचवीस वर्षं मी एक मत बाळगून होते आणि ते चुकीचं होतं. इंग्रजांचं ‘क्रिप्टिक क्रॉसवर्ड’, म्हणजे गूढ शब्दकोडं, सोडवायचं तर आधी इंग्लंड माहीत असावं लागतं, असं ते मत. माझ्यापुरतं ठेवलं असतं तर आज लिहायला बसले नसते. पण ते मी माझ्या वडिलांना, अण्णांना ऐकवलं, आणि ते ऐकून गप्प बसले.

१९८६ साल. पुण्याच्या बुधवार पेठेत, तांबड्या जोगेश्वरीच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर, एका वाड्यात आमच्या दोन खोल्या होत्या. अण्णा जवळच्याच बोळातल्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायचे. शिक्षण सातवीपर्यंत. डाव्या हातात खिळे लावायची स्टिक, नजर हस्तलिखितावर, आणि कुठला खिळा कुठल्या खणात आहे ते उजव्या हाताच्या बोटांना पाठ. जुळवलेला मजकूर आरशातल्यासारखा उलटा दिसतो. आपण सुलटा वाचतो तितक्या सहज अण्णा तो वाचायचे. इंग्रजी त्यांना समजत नसे, पण इंग्रजी मजकूर ते बिनचूक जुळवत. लग्नपत्रिका, बिलबुकं, हँडबिलं. अर्थ गिऱ्हाइकाला ठाऊक, अक्षरं अण्णांना.

मी घरातली पहिली पदवीधर. मराठी शाळेत शिकलेली, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली, बँकेत नुकतीच लागलेली. शनिवारी बँक अर्धा दिवस. सुटले की सायकलवरून फर्ग्युसन रस्त्यावरची ब्रिटिश लायब्ररी गाठायची. तिथे विलायतेचे पेपर काही दिवसांनी येऊन पोचत. त्यातल्या कोड्याची झेरॉक्स काढायची आणि रविवारी घरी बसून ती सोडवायची. बक्षिसाच्या कोड्याची मुदत पेपर पुण्यात येईपर्यंत संपलेली असे, त्यामुळे पाठवायचा प्रश्नच नव्हता. मी कुणाला दाखवायला नाही, स्वतःला दाखवायला सोडवत होते. एक कोडं पुरं झालं की मला वाटे, आज आपण त्या भाषेत आणखी एक पायरी वर चढलो.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या पेपरातल्या शब्दकोड्यात ‘कमळ’ असं दिलेलं असतं आणि तीन चौकोन असतात. पंकज, सरोज, अंबुज की नलिनी, ते उभ्या शब्दांवरून ठरतं. गूढ कोड्यात मात्र प्रत्येक सूचना हे एक छोटंसं वाक्य असतं. वरवर वाचलं तर त्याचा एक अर्थ लागतो, आणि तो बहुधा चकवा असतो. वाक्याच्या एका टोकाला उत्तराचा सरळ अर्थ असतो. उरलेल्या भागात तेच उत्तर अक्षरांच्या खटपटीतून मिळतं: अक्षरं उलटसुलट करून, शब्द उलटा वाचून, दोन शब्द जोडून, किंवा एकात दुसरा दडवून. ‘फ्लॉवर’ असं लिहिलेलं असतं आणि आपण फुलं आठवत बसतो. त्यांना हवी असते नदी, कारण जी ‘फ्लो’ करते, वाहते, ती फ्लो-अर.

त्या रविवारी माझं एका सूचनेवर अडलं होतं. कार्टहॉर्स, म्हणजे गाडीचा घोडा, पुढे बिथरल्याच्या अर्थाचा एक शब्द, मग वादक. नऊ अक्षरं हवी होती. या खेळातल्या लोकांना हे जुनं उदाहरण तोंडपाठ असतं, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मी तासभर इंग्लंड-स्कॉटलंडच्या घोड्यांच्या मागे लागले होते. शायर, क्लाइड्सडेल, सफोक. तिकडच्या शेतावरच्या घोड्याला काही खास नाव असणार, आणि ते मला माहीत नाही, म्हणून उत्तर येत नाही, अशी माझी खात्री होती.

अण्णा शेजारी चहा घेत मराठी पेपरातलं शब्दकोडं पेन्सिलीने भरत होते. त्यांचं संपलं. माझ्या कागदाकडे वाकून त्यांनी विचारलं, “ह्याचं उत्तर एकच असतं, की पाकिटात असतं?”

मला प्रश्न कळलाही नाही. “एकच असतं,” मी म्हटलं.

“कुठे अडलंय?”

मी बोट ठेवलं. त्यांनी ‘कार्टहॉर्स’ हा शब्द पाहिला. आंगठा आणि तर्जनी किंचित हलली, स्टिकमध्ये खिळे लावताना हलते तशी. मग म्हणाले, “हे ऑर्केस्ट्राचे खिळे आहेत. नऊ. त्यात आर दोन.”

गणपतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्राची हँडबिलं छापखान्यात ढिगाने यायची. तो इंग्रजी शब्द मोठ्या टायपात त्यांनी कितीदा जुळवला असेल, आणि छापून झाल्यावर तेच नऊ खिळे पुन्हा आपापल्या खणांत परत टाकले असतील. घोडा कसला, वादक कोण, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांनी शब्दात काय काय आहे ते मोजलं होतं.

मी मोजून पाहिलं. बरोबर होतं. आणि मी म्हणाले, “अण्णा, हे अक्षरं हलवून आलं म्हणून जमलं. बाकीच्याला तिकडचं सगळं माहीत असावं लागतं. ते तुमचं काम नाही.”

“बरं,” म्हणाले, आणि कप विसळायला उठले. त्यांनी शोधलेला शब्द मी माझ्या पेनाने, माझ्या अक्षरात त्या नऊ चौकोनांत लिहिला. त्यांनी पुन्हा कधी माझ्या कोड्याकडे पाहिलं नाही. पुढे छापखान्यात कॉम्प्युटर आला, खिळे भंगारात गेले, अण्णा घरी बसले. २००४ साली ते गेले. ते वाक्य मागे घ्यायला मला मधल्या अठरा वर्षांचे सगळे रविवार मोकळे होते.

मी ते मागे घेतलं नाही, कारण मला ते खरंच वाटत होतं. मी वह्या भरत होते. इंग्लंडच्या नद्या: डी, एक्स, कॅम, ऊझ, टीझ. खलाशी म्हटला की टार. शाळा म्हटली की ईटन. बिअरला एल. क्रिकेटचे शब्द, पाद्र्यांच्या हुद्द्यांचे शब्द, लष्करातली आद्याक्षरं. डी नदी मी कधी पाहिली नव्हती, पण तिची तीन अक्षरं पुरी होती. पेठेच्या पूर्वेला वाहणारी नागझरी मात्र कुठून येते हे मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. बँकेतल्या दोघी-तिघींनी हौसेने विचारलं तेव्हा मी त्यांच्या हातात आधी ही वही ठेवली. एकही टिकली नाही. मला त्याचं वाईटही वाटलं नाही. हे सगळ्यांना जमण्यासारखं नाही, याचा तो पुरावाच वाटला.

कोडी रचणाऱ्यांची टोपणनावंही माझ्या समजुतीला खतपाणी घालणारी होती. ‘ऑब्झर्व्हर’ या पेपरात १९२६पासून कोडी घालणारा स्वतःला टॉर्केमाडा म्हणवून घेई. टॉर्केमाडा म्हणजे स्पेनमधला धर्मद्रोह्यांची झडती घेणारा कुप्रसिद्ध न्यायाधीश. त्याच्या मागून आला झिमेनीज, तेही अशाच एका न्यायाधीशाचं नाव. १९७२पासून अझेड: देझा नावाच्या तिसऱ्या न्यायाधीशाची रोमन अक्षरं उलटी लावली की अझेड होतं. मला वाटे, ही परीक्षाच आहे, परीक्षक कडक आहेत, आणि आपण परदेशी उमेदवार आहोत.

मत बदललं ते २००९च्या पावसाळ्यात, एका शब्दामुळे. सूचनेचा आशय असा होता: एक दिवस, सोबत पक्षी, असा चपळ शिकारी. आठ अक्षरं. मी नेहमीप्रमाणे इंग्लंडच्या रानात शिरले. स्टोट, वीझल, फेरेट, बॅजर. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी भाजी निवडताना नुसतंच मनात आलं, दिवस कुठला? सोमवार. मंडे, आखूड करून ‘मॉन’. पक्षी? ‘गूस’. मॉन अधिक गूस. मॉनगूस. मुंगूस!

मी शब्दकोश उघडला. व्युत्पत्तीच्या जागी ‘मराठी’ असं छापलेलं होतं. गूसचं अनेकवचन गीस होतं, पण मॉनगूसचं मॉनगूसेस होतं, कारण या प्राण्याच्या नावाचा त्या पक्ष्याशी काही संबंध नाही. आपला मुंगूस समुद्रापार गेला आणि स्पेलिंगच्या योगायोगाने त्याच्या शेपटीला एक हंस चिकटला. ज्याने कोडं रचलं त्याने ही जोड पाहिली. मी, जिने लहानपणी वाड्याच्या मागच्या पडवीत मुंगूस पाहिलं होतं, ती मी दोन दिवस विलायतेच्या कुंपणांत हिंडत होते.

आपला शब्द सापडला म्हणून आनंद झाला, हे खरं. पण मत बदललं ते त्यामुळे नाही. समजा तो शब्द मराठी नसता, तरी काय लागलं असतं? आठवड्याच्या एका दिवसाचं नाव आणि एका पक्ष्याचं नाव. मी माळ्यावरून जुन्या झेरॉक्स काढल्या आणि पेन्सिल घेऊन बसले. ज्या सूचनेला इंग्लंडचं काही खरोखर माहीत असायला हवं होतं, तिच्यापुढे खूण. तीस सूचनांच्या कोड्यात चार-पाच खुणा पडत, कधी त्याहून कमी. उरलेल्या पंचवीस जागी मी अडले होते ते माहिती नव्हती म्हणून नव्हे. मी शब्दाचा अर्थ वाचत होते, शब्द वाचत नव्हते. परक्या भाषेत घाबरलेला माणूस अर्थाला घट्ट धरून ठेवतो, सोडतच नाही. आणि इथे तर अर्थ सोडायचा असतो, अक्षरं हातात घ्यायची असतात.

नऊ. त्यात आर दोन. अण्णांनी दोन सेकंदांत जे केलं होतं ते शिकायला मला तेवीस वर्षं लागली होती.

मग मी झिमेनीजचं १९६६ सालचं पुस्तक मिळवून वाचलं. खरं नाव मॅकनट, शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणारा मास्तर. मला कडक परीक्षकाची अपेक्षा होती. पुस्तकभर तो सांगतो काय, तर रचणाऱ्याने सोडवणाऱ्याशी प्रामाणिक कसं राहावं. सूचनेत उत्तराचा अर्थ हवा, उत्तर घडवण्याची कृती हवी, आणि या दोन्हींत न बसणारा एकही फालतू शब्द नको. दिशाभूल करावी, पण खोटं सांगू नये. उत्तर सापडलं की ते दोन वाटांनी पडताळता यायला हवं, म्हणजे कुणाला विचारायला जायची गरज उरत नाही.

तेव्हा मला अण्णांचा पहिला प्रश्न कळला. त्यांच्या तरुणपणी बक्षिसांच्या शब्दकोड्यांचं पेव फुटलं होतं. प्रवेशमूल्य भरायचं आणि कोडं पाठवायचं. एकेका जागी दोन-दोन शब्द चपखल बसत. त्यातला ‘बरोबर’ कुठला ते आधीच पाकिटात सील करून ठेवलेलं असे. लोक एकाच कोड्याच्या दहा-दहा प्रती भरून पैसे घालवत. अखेर १९५५ साली कायदा आला: ज्यात खरं कौशल्य नाही अशा स्पर्धांची बक्षिसं महिन्याला हजार रुपयांच्या आत आली. १९५७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा उचलून धरताना कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ यांतला फरक स्पष्ट केला. ‘उत्तर एकच असतं, की पाकिटात असतं?’ या एका वाक्यात अण्णांनी नेमकं तेच विचारलं होतं. याच प्रश्नावर झिमेनीजने अख्खं पुस्तक लिहिलं, आणि मी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

‘तिकडचं’ हा शब्दही मग माझ्या बोलण्यातून गळू लागला. शब्दकोडं मुळात इंग्लंडचं नाहीच. पहिलं छापलं गेलं न्यूयॉर्कच्या एका पेपरात, २१ डिसेंबर १९१३ रोजी. रचणारा आर्थर विन लिव्हरपूलहून अमेरिकेत गेलेला. लंडनच्या ‘टाइम्स’ने ते १ फेब्रुवारी १९३०ला सुरू केलं. म्हणजे इंग्रजांनीही ही वस्तू बाहेरून घेतली आणि आपल्या पद्धतीने घडवली. आपल्याकडे ‘द हिंदू’ने १९७१मध्ये स्वतःचं गूढ कोडं सुरू केलं तेव्हा ते रचायला बसले व्हाइस ॲडमिरल रामदास कटारी, आपल्या नौदलाचे पहिले भारतीय प्रमुख. ते रचू शकत होते, तर माझे वडील सोडवू शकले नसते असं मी कशावरून ठरवलं?

२०१३च्या जानेवारीतली गोष्ट. ‘गार्डियन’मध्ये १९५८पासून कोडी घालणारे जॉन ग्रॅहम, टोपणनाव अराउकारिया, तेव्हा एक्क्याण्णव वर्षांचे होते. एका कोड्याच्या डोक्यावर त्यांनी एक ओळ छापली: अराउकारियाला अमुक उभ्या शब्दातला आजार झाला आहे, तमुक जागी, आणि त्यावर तमुक उपचार चालू आहेत. चौकोन भरत गेलं की कळायचं: कर्करोग, अन्ननलिका, वेदना कमी करण्यापुरते उपचार. हे मी बुधवार पेठेत, आमच्या स्वयंपाकघरात बसून भरलं. त्यांना ही बातमी ज्यांना सांगावीशी वाटली त्यांत मी होते, कारण मी चौकोन भरत होते. मी कुठे राहते याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. त्याच वर्षी नोव्हेंबरात ते गेले. परीक्षक असं वागत नाही. घरात बोलावून पुढ्यात ताट मांडणारा माणूस असं वागतो.

एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगायला हवी. सगळीच कुलुपं अक्षरांनी उघडत नाहीत. काही सूचना कानाच्या असतात: दोन शब्द ‘ऐकायला सारखे’ म्हणून सांगितलेले. इंग्रज माणूस ‘सॉस’ आणि ‘सोर्स’ एकसारखंच म्हणतो, त्याच्या उच्चारात दुसऱ्यातला ‘र’ विरून जातो. आपण पुण्यात तो ठणठणीत उच्चारतो. तिथे आजही मी अडते, आणि तिथे अण्णाही अडले असते. नद्यांची वही मी म्हणूनच टाकून दिलेली नाही. फक्त ती आता शेवटी उघडते.

मराठी कोड्यालाही मी तेव्हा कमी लेखत असे, तेही कबूल करते. अर्थ दिला, शब्द लिहिला, त्यात काय? पण अक्षरांशी खेळणं ही कुण्या एका भाषेची मिरास नाही. अठराव्या शतकात मोरोपंतांनी रचलेल्या शंभराहून अधिक रामायणांत एक निरोष्ठ रामायण आहे. ओठ मिटावे लागतील असं अक्षर त्यात नाही. प, फ, ब, भ, म हे खण बंद. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायचं नाही! म्हणून गूढ कोडं मुळात आपलंच, असं मला म्हणायचं नाही. एक खोटी खात्री सोडून दुसरी धरायची नाही. एवढंच म्हणते, की ज्या माणसाला अक्षरं हाताळता येतात त्याला या दारात अडवायचं कारण नाही.

आमच्या जुन्या वाड्यापासून चालत काही मिनिटांवर भिडे वाड्याची जागा आहे. १८४८ साली सावित्रीबाई आणि जोतीरावांनी तिथे मुलींची शाळा काढली. पुण्याचं नगर वाचन मंदिरही त्याच सालचं, याच भागातलं. ‘हे तुमचं काम नाही’ हे वाक्य या पेठेत किती जणांना, किती जणींना ऐकवलं गेलं असेल, आणि ते खोडून काढायला कुणी काय सोसलं, हे मी शाळेत शिकले होते, त्यावर निबंध लिहिला होता. तरी माझ्याच घरात, माझ्याच तोंडून, माझ्याच वडिलांना ते वाक्य गेलं. शिक्षणाने मला अक्षरं दिली आणि मी त्यांचं कुंपण केलं. याची खंत मला आहे आणि ती राहील.

आता भावाची नात रविवारी येते. अकरा वर्षांची आहे. तिला मी यादी देत नाही. पुठ्ठ्याचे तुकडे कापून त्यावर अक्षरं लिहिली आहेत, ती पाटावर ओतते. इंग्रजीचं थोडं झालं की आम्ही मराठी सूचना करतो. मराठीत एका चौकोनात काना-मात्रा-वेलांटीसकट पुरं अक्षर बसतं, ‘कि’च्या जागी ‘की’ चालत नाही, त्यामुळे कार्टहॉर्सचा ऑर्केस्ट्रा होतो तशी मोकळी उलथापालथ क्वचितच साधते. पण शब्द तोडणं, जोडणं, उलटवणं फार सुरेख जमतं.

गेल्या रविवारी तिला मी लिहून दिलं: ‘शहाण्याचा रवा उलटला ती पेठ (४)’. आधी ती हसली, मग डबा, चमचा, दुकान असं काही काही म्हणत राहिली. अर्थ सुटत नव्हता. मी गप्प बसले. थोड्या वेळाने तिने ‘र’ आणि ‘वा’ असे दोन तुकडे उचलले, त्यांची अदलाबदल केली आणि पाहत राहिली. वार. मग शहाणा माणूस कोण, यावर बराच वेळ गेला. संस्कृतच्या पुस्तकात कुठे तरी पाहिलेलं तिला आठवलं. बुध.

“हीच की पेठ!” ती म्हणाली आणि कागद माझ्याकडे सरकवला.

आमच्याकडे आता एक नियम आहे. शब्द ज्याला दिसला, त्यानेच तो लिहायचा. पेन मी तिच्या हातात दिलं.